ताण

दुपारची चोपडा फेरी संपवून आले
तर परसात वाल वाळून खडखडत होता,
शेंगा हात लावताच फुटत होत्या.
आधी त्या वेचल्या, बी राखेत घोळून डब्यात भरलं.
मग वांग्याची म्हातारी झाडं उपटली.
एकाच्या मुळाशी बांगडीचा तुकडा निघाला, हिरवा.
माझा नाही. आधीच्या भाडेकरणीचा असेल.
परत पुरला.

गिलक्याचं बी रात्री ओल्या फडक्यात,
फडकं उशाशी, म्हणजे विसरायला नको.
मांडवासाठी पऱ्हाट्या मागितल्या सकूबाईकडे.
दोन भारे दिले तिने, आणि वर
रविवारी शिरपूरच्या गाडीत जागा धर म्हणाली,
खिडकीची.

हे सगळं मला येतं.
येत नाही ती लिंबोणी.

घरमालक सुपडू आप्पा नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते,
एकतीस वर्षं.
लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून
रात्री तीनला पैलाड बंद, माळीवाडा सुरू.
बायका त्यांच्या नावाने काय काय बोलायच्या
ते स्वतःच सांगतात, नक्कल करून.
त्या माणसाने मला शिकवलं:
माघ लागला की लिंबोणीचं पाणी तोडायचं.
माती सैल करायची, मुळ्यांना ऊन लागू द्यायचं,
पानं पिवळी पडली, गळाली, तरी बघत बसायचं.
"झाडले इचार करू दे, बेटा."

गेल्या वर्षी मला बघवलं नाही.
रात्री उशिरा डेपोतून आले, चांदणं होतं,
आणि ती अशी मान टाकून उभी,
शेवटच्या गाडीत उभ्याने आलेल्या बाईसारखी.
अर्धी बादली दिली.
दुसऱ्या रात्री पुन्हा.
फाल्गुनात नुसती पालवीच पालवी,
कोवळी, लाडावलेली,
फूल एक नाही.
आप्पांनी पान चुरगळून वास घेतला.
"कोनी दिधं पानी?"
मांजरीने, म्हटलं मी.
ते बराच वेळ मांजरीकडे बघत राहिले.

यंदा ते सुरतेला, लेकीकडे. डोळ्याचं ऑपरेशन.
मी सुकल्या फांद्या छाटल्या,
खोडाला चुना-मोरचूद लावला, वाकून, कंबर धरून.
एक काटा अंगठ्यात मोडला,
तिकिटाच्या मशीनचं बटण दाबलं की ठणकतो.
बाकी काही केलं नाही.
काही न करणं हे फार अंगमेहनतीचं काम आहे.
भरलेली बादली दिसायची
आणि मी आत जाऊन दार लावून घ्यायचे.

एकोणिसाव्या दिवशी फोन.
एका डोळ्याला पट्टी, आवाज मात्र गल्लीभर.
"पान दुपारले मुडपस, का सकायले बी?"
सकाळीपण, आप्पा.
"मंग आते सोड."

आमचा आठव्या दिवशीचा नळ
पहाटे तीन चाळीसला आला.
आळं तयार होतं: शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड.
पाइप धरला, फोन लावला.
ते जागेच होते.
"आयकू दे."
मी फोन पाण्याशी धरला.
तिकडे सुरतेत एक माणूस
माझ्या पायाशी पडणारं पाणी ऐकत होता,
कोरडी माती आधी सुस्कारते, मग गप्प होते, तेही.
मच्छर चावत होते. हात अवघडला.
खूप वेळाने म्हणाले,
"प्रेशर कमी शे.
पैलाडनी चावी पुरी बंद करेल नही."

पाच पन्नासची गाडी.
नखांतली माती निघाली नाही.
पहिल्याच प्रवाशाने सुट्टे देता देता विचारलं,
शेती आहे का ताई तुमची?
एक झाड आहे, म्हटलं.
तेही घरमालकाचं.
चला, पुढे सरका.